शी इज स्वेल

रेवदंड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या रामचंद्र टिपणीस मास्तरांनी कुणाच्याही पत्रातली चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती. लग्नपत्रिका आली तरी ती ते आधी लाल पेन्सिल घेऊन वाचत आणि मग लग्नाला जात. त्यांचे वडील वारले तेव्हा थोरल्या साडूंनी इंग्रजीतून दुखवट्याचं पत्र पाठवलं होतं. मास्तरांनी उलट टपाली आभार मानले आणि खाली तीन चुका दाखवून दिल्या. तेव्हापासून साडू त्यांच्याशी फक्त मराठीत आणि तेही जरुरीपुरतं बोलत.

अशा माणसाच्या हाती चोपन्न सालच्या मार्गशीर्षात मुरुडहून एक पत्र आलं.

पत्र रावजी चौबळांचं होतं. रावजी जंजिरा संस्थानात दप्तरदार होते. संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली होती, पण रावजींची भाषा अजून विलीन झाली नव्हती. त्यांचा मुलगा दत्तात्रेय अमेरिकेत ओहायो नावाच्या प्रांतात शेतकीचं शिक्षण घेत होता. मास्तरांच्या नीराचा फोटो दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे गेला होता आणि घरात सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. म्हणजे मास्तर वाट पाहत होते, त्यांची बायको मनुबाई देवाला दिवा लावताना वाट पाहत होत्या आणि नीरा मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होती.

रावजींनी लिहिलं होतं: 'चि. दत्तात्रेयाचे उत्तर आले. सोबत जोडले आहे. पत्र मराठीत असून मुलीविषयीचे वाक्य तेवढे इंग्रजीत आहे. आमचे इंग्रजी दप्तरापुरते. आपण या विषयातले जाणते. तरी सदर वाक्याचा अर्थ कळवण्याची मेहेरबानी व्हावी, म्हणजे पुढील बोलणी करता येतील.'

आता मुलाने मुलीबद्दल काय म्हटलंय, ते मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला सांगायचं, असा हा मामला होता. दुसरा कुणी असता तर त्याने डोळे मिटून 'मुलगी पसंत आहे' असं लिहून टाकलं असतं आणि मांडवाचं बघायला बाहेर पडला असता. मास्तर चष्मा पुसून पत्र वाचायला बसले.

चार पानं ओहायोच्या मातीबद्दल होती. अर्धं पान एका गाईबद्दल होतं. मग हे होतं: 'फोटो मिळाला. शी इज स्वेल. बाकी तुम्ही आणि आई ठरवाल ते.'

मास्तरांनी कपाटातून कोश काढला. कोश विलायती होता, जाडजूड होता, आणि त्याने मास्तरांना आजवर कधी दगा दिला नव्हता. त्यात 'स्वेल'समोर लिहिलं होतं: सुजणे, फुगणे. नामरूपाने: सूज, समुद्राची संथ लाट. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: छानछोकीत राहणारा पुरुष.

नीरा समुद्राची लाट नव्हती आणि पुरुषही नव्हती. उरली सूज.

"काय लिहिलंय हो?" मनुबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"व्याकरण चुकलंय," मास्तर म्हणाले.

"मुलगी पसंत आहे का?"

"'इज'नंतर 'स्वेल' येत नाही. 'स्वोलन' यायला हवं. चार वर्षं अमेरिकेत राहून मुलाला एवढंही येऊ नये."

"अहो, पण म्हणतो काय तो?"

"नीरा सुजलेली आहे म्हणतो."

मनुबाई बाहेर आल्या. नीरा ओटीवर वह्या तपासत बसली होती. मनुबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुठे?"

"ते लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"अण्णा," नीरा वहीतून मान वर न करता म्हणाली, "त्यांना दुसरं काही म्हणायचं असेल."

"इंग्रजीत जे म्हणायचं असतं तेच लिहितात. ती मराठी नाही."

मनुबाईंनी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं की असलं काही मुरुडला कळवू नका, नुसतं 'अक्षर लागलं नाही' म्हणून लिहा. पण रावजींनी विश्वासाने अर्थ विचारला होता आणि अर्थाच्या बाबतीत मास्तर हरिश्चंद्राच्या पंगतीत बसणारे होते. त्यांनी लिहिलं: 'सदर वाक्याचा अर्थ, मुलगी सुजलेली आहे, असा होतो. या मताशी मी सहमत नाही.' मग मुलाच्या पत्रातली ती ओळ लाल शाईने दुरुस्त केली, समासात नियम लिहिला, सगळं पाकिटात घातलं आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं.

पेटीत हात गेला तेव्हा त्यांच्या मनात आलं की सगळा दोष कदाचित फोटोचा असेल.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते एस.टी.ने अलिबागला फोटोग्राफरकडे गेले. फोटोग्राफरने नीराच्या फोटोची निगेटिव्हची काच शोधून काढली, उजेडापुढे धरली आणि दोघांनी मिळून नीराचे गाल तपासले. गाल किंचित फुगलेले होते खरे. नीराला फोटोत हसू नका म्हणून बजावलं होतं आणि त्यामुळेच तिला हसू येत होतं, ते तिने कसंबसं दाबून धरलं होतं.

"मास्तर," फोटोग्राफर म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात काही उणंअधिक असलं तर मी काचेवर पेन्सिल फिरवतो. तुमच्या मुलीच्या काचेला पेन्सिल लावलेली नाही. लावायची गरजच नव्हती."

ही त्याने नीराची स्तुती केली होती. मास्तरांना त्यात कामचुकारपणा दिसला. रविवारी त्यांनी नीराला पुन्हा तिथे नेलं आणि स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभे राहून "गाल आत घे, अजून आत" असं सांगत दुसरा फोटो काढवला. तो तयार होऊन आला तेव्हा नीरा विषमज्वरातून नुकती उठल्यासारखी दिसत होती. मास्तरांचं समाधान झालं. त्यांनी तो मुरुडला पाठवून दिला. त्यामुळे झालं असं की चौबळांकडे आता एकाच मुलीचे दोन फोटो झाले: एक आजारापूर्वीचा, एक नंतरचा. आणि मधे आजाराचं नाव सांगणारं मास्तरांचं सहीनिशी पत्र.

इकडे शेजारच्या सोनूबाईंना काही सांगावं लागलं नव्हतं. दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत होती आणि मास्तरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता.

"माझ्या नणंदेला अशीच सूज आली होती," सोनूबाई मनुबाईंना म्हणाल्या. "बाहेरून दिसायची नाही. आतून असायची."

"मग कळलं कसं?"

"मीच ओळखली. मीठ बंद करा तिचं. आणि घेटुळीची भाजी द्या एकवीस दिवस. ती आमच्या विहिरीमागे आहे, पाठवते."

मनुबाईंचा सुजेवर विश्वास नव्हता, पण औषधावर होता. नीराचं ताट अळणी झालं. नीराने दोन दिवस काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आई, त्यांनी 'शी इज ब्लाइंड' लिहिलं असतं तर तुम्ही मला काठी दिली असती का?" मनुबाईंनी हे मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले की 'ब्लाइंड' विशेषण आहे, तिथे प्रश्न येत नाही.

मुरुडला रावजींनी मास्तरांचं पत्र तीनदा वाचलं. गृहस्थ सरळ होते. त्यांनी ते सगळं, लाल शाई आणि नव्या फोटोसकट, विमानाच्या टपालाने मुलाकडे पाठवलं आणि आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना अगदी खाजगीत विचारलं की लग्नाच्या वयाच्या मुलीला सूज कशाने येऊ शकते. खाजगीत विचारताना बाहेरच्या बाकावर चार माणसं बसली होती. त्यातला एक माणूस साळावच्या तरीने खाडी ओलांडून रेवदंड्याला यायचा होता. तरीत बसल्यावर माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. पलीकडच्या धक्क्यावर बातमी चढली तेव्हा नुसती सूज होती. भर खाडीत तिला पाय फुटला. अलीकडे उतरली तेव्हा ती 'टिपणीसांच्या मुलीचा पाय' अशी उतरली.

आपल्या किनाऱ्यावर 'सूज' आणि 'पाय' हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिसरा शब्द कुणी उच्चारत नाही. हत्तीरोग म्हणायला जीभ रेटत नाही आणि म्हणायची गरजही पडत नाही.

चौलच्या एका घरून नीरासाठी विचारणा होती, ती थांबली. नागावच्या घराने 'यंदा कर्तव्य नाही' असं कळवलं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आणि एका गुरुवारी नीरा शाळेतून दुपारीच परत आली. छत्री कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायली.

"आज लवकर?" मास्तरांनी विचारलं. त्यांना त्या दिवशी अर्धी सुट्टी होती.

"मोठ्या बाई म्हणाल्या, थोडे दिवस घरी बसा. मुलींच्या आया विचारतात." एवढं बोलून ती आत गेली. तिने तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा बरोबर आणला होता. त्या तपासायच्या राहिल्या होत्या आणि आता परत कोण नेणार, हे तिने विचारलं नाही.

 मास्तरांनी ठरवलं की गावाला डोळ्यांनी दाखवून द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता ते नीराला घेऊन घरापासून पारनाक्यापर्यंत आणि परत असे फिरू लागले. लुगडं घोट्याच्या चार बोटं वर नेसायची तिला सूचना होती. मास्तर स्वतः दोन पावलं मागे चालत, म्हणजे बघणाऱ्यांच्या आड यायला नको. नीरा समोर बघून चालत असे. कोळणी टोपल्या बाजूला घेऊन वाट देत. चौथ्या दिवशी सोनूबाईंनी गावाचं मत आणून पोचवलं. लोक म्हणत होते, बिचारीचा पाय आखडू नये म्हणून वैद्याने रोज चालवायला सांगितलंय, आणि बाप किती करतो.

फेऱ्या बंद झाल्या. पण तोवर त्या आरोग्य खात्यापर्यंत पोचल्या होत्या. एका सकाळी खाकी कपड्यातला एक इन्स्पेक्टर बगलेत नोंदवही धरून ओटीवर आला.

"घरात सूज असलेली व्यक्ती आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग ही तक्रार कशी?"

"ती व्याकरणाची चूक आहे."

इन्स्पेक्टरने नोंदवहीची पानं पुढेमागे केली. "असा रकाना नाही," तो म्हणाला. "'आहे', 'नाही' आणि 'संशयित' एवढेच आहेत."

"मग 'नाही' लिहा."

"'नाही' लिहायचं तर मी इथे आलो कशासाठी, ते वरच्यांना सांगावं लागेल." त्याने 'संशयित' लिहिलं. ते खोडायचं असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरचा दाखला, आणि दाखल्यासाठी या नोंदीची नक्कल, आणि नकलेसाठी अर्ज करावा लागेल, असं त्याने नीट समजावून सांगितलं. मास्तरांनी अर्ज लिहिला. इन्स्पेक्टरने तो वाचून इंग्रजी फार सुरेख आहे म्हणून सांगितलं आणि मराठीत लिहून द्यायला लावलं.

त्याच दिवशी वहाबभाई आले. मोहल्ल्यातले वहाबभाई बावीस वर्षं परदेशी जाणाऱ्या आगबोटींवर खलाशी होते. कंपनीला काही लिहायचं असलं की ते मास्तरांकडून इंग्रजी पत्र लिहून घेत आणि येताना सुक्या सोड्यांची पुडी आणत. मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी स्वतःचं काम बाजूला ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तो मूळ शब्द मास्तरांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"काय शब्द बोलला तुमी?"

"स्वेल."

वहाबभाईंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मास्तर, ता तर चांगला हाय."

"काय चांगलं आहे?"

"शब्द. स्वेल म्हंजे झकास. आमी न्यूयार्कच्या गोदीत सात सफरी केल्या. तिथं गोदीवाला चा प्याला का बोलतो, स्वेल. हवा बरी पडली का स्वेल. पोरगी दिसली का स्वेल."

"चहा सुजत नाही," मास्तर म्हणाले.

"तेच तर बोलतो ना मी."

"वहाबभाई, याला आधार काय? कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाय. तोंडात हाय."

"ऐकीव गोष्ट प्रमाण धरता येत नाही." मास्तरांच्या आवाजात कडकपणा आला. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला, ज्याच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य आपण नीट करून देतो अशा माणसाने इंग्रजी सांगावं, हे त्यांना सोसलं नाही.

नीरा मघापासून दारात उभी होती. "चाचा," ती म्हणाली, "बाईमाणसाला म्हणाले तर वाईट अर्थ होत नाही ना?"

"न्हाय गो बाय. मनापासून बोलतात तो शब्द."  वहाबभाई खरं बोलणारे होते आणि तिथेच घात झाला. "फक्त सूर बघायचा. एकदा आमच्या बोटीवर वरून तेलाचा पिंप पडला, सगळा तेल गोदीवाल्याच्या नव्या बुटावर. तो कमरेवर हात ठेवून बोलला, स्वेल. तेव्हा समजायचा, काम बिघडला. सरळ तोंडानं बोलला तर झकास, वाकड्या तोंडानं बोलला तर वाटोळा."

"आणि पत्रात लिहिलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"आता पत्राला तोंड कुठं असतंय, मास्तर."

वहाबभाईंच्या बोलण्याच्या पहिल्या भागावर मास्तरांचा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या भागावर ताबडतोब बसला. दोन दिवस ते ती ओळ आठवून सरळ तोंडाने आणि वाकड्या तोंडाने म्हणून पाहत होते. आरशासमोर उभं राहून दाढी करताना ते वाकड्या तोंडाने जास्त पटायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की खुद्द मुलालाच तारेने विचारायचं, आणि तालुक्याचं तारघर गाठलं.

तारेचा मजकूर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिला: 'काइंडली डिफाइन स्वेल. टिपणीस.'

तारबाबूने तो वाचला. "हा शब्द साधा आहे की सांकेतिक? परदेशच्या तारेत सांकेतिक शब्द असला तर तसं लिहून द्यावं लागतं."

"साधा आहे."

"अर्थ काय?"

"तोच विचारतो आहे."

"अर्थ माहीत नाही, तर साधा आहे हे कशावरून म्हणता?"

 बिनतोड प्रश्न विचारून दुसऱ्याला गप्प करायचं हा मास्तरांचा वर्गातला हक्क होता. तो असा जाळीच्या पलीकडून कुणी बजावेल याची त्यांना सवय नव्हती. अखेर 'सदर शब्द माझ्या समजुतीप्रमाणे सांकेतिक नाही. निघाल्यास मी जबाबदार राहीन' असं लिहून त्यांनी सही केली आणि तार गेली.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. पोस्टमनने ते ओटीवर सर्वांसमक्ष दिलं. उत्तरात लिहिलं होतं: 'व्हॉट स्मेल. लेटर फॉलोज.'

"काय म्हणतो?" मनुबाईंनी विचारलं.

"कसला वास, असं विचारतो."

कुडाच्या भिंतीपलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. तासाभरात सोनूबाई वाळ्याची जुडी आणि कापूरकाचरी घेऊन आल्या. अंघोळीच्या पाण्यात घाला म्हणाल्या, गुण येतो.

मास्तर तडक तारघरात गेले आणि तार चुकीची पाठवल्याबद्दल तारबाबूला खडे बोल सुनावले. तारबाबूने फाइलीतून त्यांचा कागद काढून समोर ठेवला. मास्तरांच्या 'डब्ल्यू'च्या दोन्ही टोकांना पीळ होता, आणि पिळाने तो वरून बंद झाला होता. मास्तरांनी दोनदा पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. तो 'एम'च होता. त्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तारबाबूची माफी मागितली. तारबाबू म्हणाला की अक्षर मात्र फार देखणं आहे.

घरी परतताना एस.टी.त मास्तरांना पहिल्यांदाच असं वाटलं की आपण चुकत असू. हा विचार त्यांना नवा होता. रेवदंड्याची वेस येईपर्यंत तो जुना झाला आणि मग जास्तच बोचू लागला. घरात नीरा तिसरीच्या वह्या तपासून, नीट दोरीने बांधून, खिडकीत ठेवून बसली होती. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर आठवड्याने, रविवारी, रावजी चौबळ स्वतः साळावची तर ओलांडून आले. काळा कोट, हातात काठी, आणि वरच्या खिशात विमानाच्या टपालाचं पाकीट. येताना तरीवाल्याने 'टिपणीसांकडं चाललाव व्हय, पोरीचं कसं हाय' म्हणून चौकशी केली, हे त्यांनी सांगितलं नाही. मनुबाईंनी पाट मांडला. रावजी बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, चिरंजीवांचे पत्र आले आहे. एक पान आपल्यासाठी आहे. वाचून दाखवतो. या खेपेस सगळे मराठीत लिहिले आहे."

पत्रात असं होतं: 'मास्तरांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. पण इथे रोजच्या बोलण्यात 'स्वेल' म्हणजे फार छान, मनाला आवडण्यासारखं. दुसरा शब्द सुचला नाही आणि मराठीत लिहायला संकोच वाटला, म्हणून तो लिहिला. त्यामुळे इतका घोटाळा होईल हे ठाऊक असतं तर संकोच केला नसता. मागाहून आलेला फोटो पाहून काळजी वाटली. त्यांची प्रकृती आता कशी आहे ते कळवावं. वासाबद्दलची तार मला समजली नाही. पहिला फोटो माझ्याकडेच राहू द्यावा. त्यात त्या हसू दाबून धरतायत असं वाटतं. कशाचं, ते कधी विचारता आलं तर विचारीन.'

आत माजघरात बांगड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

रावजींनी पानाची घडी घातली. "आमच्या बाजूने पसंती आहे," ते म्हणाले.

मास्तर उठले, कोट घातला आणि टोपी घेतली. "आपण चहा घ्या," ते रावजींना म्हणाले. "मी दोन ठिकाणी जाऊन येतो. आधी जायला हवं होतं."

आधी ते मोहल्ल्यात गेले. वहाबभाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मास्तर अंगणातच उभं राहून म्हणाले, "वहाबभाई, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

वहाबभाईंनी त्यांना बसायला खाट सरकवली. "चुकला कसा म्हणू? तुमी पुस्तकाकडं बघितला, आमी माणसाच्या तोंडाकडं बघितला. पोरीचा जमला ना?"

"जमेल असं वाटतं."

"मंग झाला."

तिथून ते मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या घरी गेले. बाईंकडे हळदीकुंकवाच्या निमित्ताने शाळेतल्या चारपाच शिक्षिका आणि काही मुलींच्या आया जमल्या होत्या. दुसरा एखादा माणूस दारातून परतला असता. मास्तर उंबऱ्यात उभे राहिले आणि वर्गात सांगतात तशा आवाजात त्यांनी सांगितलं की त्यांच्या मुलीला कसलीही सूज नाही, नव्हती. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला आणि सगळं त्यातून झालं. चूक सर्वस्वी त्यांची आहे. कुणीतरी विचारलं, कोणता शब्द. मास्तरांनी शब्द सांगितला, त्याचा खरा अर्थ सांगितला आणि तो मुरुडच्या मुलाने कुणाबद्दल वापरला तेही सांगितलं. बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मोठ्या बाई म्हणाल्या की नीराने उद्यापासून यावं, तिसरीच्या मुली तिची वाट बघतायत. संध्याकाळपर्यंत ती बातमी साळावच्या तरीवर पोचली असणार, आणि या खेपेस पोचू दे असं मास्तरांना वाटलं.

ते घरी आले तेव्हा रावजींचा दुसरा चहा झाला होता.

"आता मुलीच्या तोंडून एक शब्द कळला म्हणजे मी मोकळा," रावजी म्हणाले.

मनुबाईंनी नीराला बाहेर बोलावलं. ती आली, नमस्कार केला आणि उभी राहिली. "मला काहीच सांगता यायचं नाही," ती शांतपणे म्हणाली. "माझे दोन फोटो तिकडे गेले. त्यांचा एकही मला कुणी दाखवला नाही."

हे खरं होतं. आणि दोन्ही बापांना ते आजवर सुचलं नव्हतं. रावजींनी कोटाच्या आतल्या खिशातून एक फोटो काढला. त्यात एक उंच मुलगा टोपी हातात धरून एका गाईशेजारी उभा होता. नीरा तो घेऊन आत गेली.

दोघे गृहस्थ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने ती दारात आली.

"बरा आहे," ती म्हणाली, आणि परत आत गेली.

रावजींनी खिशातून कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि थांबले. "मास्तरसाहेब, बरा म्हणजे? चांगला, असंच ना?"

"चांगल्याला चांगला हा शब्द आहे," मास्तर विचार करत म्हणाले.

"मग जेमतेम?"

"जेमतेमला जेमतेम आहे."

"दुखण्यातून उठलेल्याला आपल्यात बरा म्हणतात."

"मुलगा दुखणाईत नव्हता. तसं ती म्हणणार नाही."

"मी ओहायोला काय लिहू?" रावजींच्या आवाजात खरीच काळजी होती. "आपण भाषेतले जाणते. आपली मुलगी, आपली मराठी."

मास्तर म्हणाले, "आपण बसा. मी तो फोटो परत घेऊन येतो, आणि विचारतो."

नीरा माजघरात नव्हती. मागल्या पडवीच्या पायरीवर बसली होती. फोटो तिने गुडघ्यांवर ठेवला होता आणि पदराच्या टोकाने ती त्यातल्या मुलावरचा बोटाचा ठसा पुसत होती, गाईवरचा नाही. मास्तरांची चाहूल लागली तशी तिने वर पाहिलं.

"परत हवाय का?" तिने विचारलं. विचारताना फोटो मात्र तिने उचलला नाही.

"नको," मास्तर म्हणाले. "असू दे."

ते ओटीवर आले आणि रावजींसमोर बसले. "लिहा," ते म्हणाले. "मुलीला मुलगा पसंत आहे."

"'बरा'चा अर्थ तसा होतो?"

"होतो."

रावजी जुन्या दप्तरातले होते. कागदावर काही लिहिलं की खाली त्याचा दाखला द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. "मग आधार म्हणून काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव घाला," टिपणीस मास्तर म्हणाले.